झाड ट्रॅक्टरने ओढताना : साखळी कुठे अडकवायची आणि माणसाने कुठे उभं राहायचं

आमच्या करमाळ्याकडच्या पडीक रानात वेडी बाभूळ अशी माजते, की दोन पावसाळे दुर्लक्ष झालं तर बांध कुठला आणि वाट कुठली हे ओळखू येत नाही. मग कधीतरी दिवाळीनंतर, नाहीतर ऐन उन्हाळ्यात, घरात ठरतं : यंदा हे रान साफ करायचंच. जेसीबीचं तासाचं भाडं परवडत नाही. दारात ट्रॅक्टर उभा असतो, खळ्यात साखळी पडलेली असते. काम सुरू होतं.

अशाच एका सकाळी माझ्या चुलत भावाने बाभळीच्या बुडख्याला साखळी बांधली आणि दुसरं टोक टॉप लिंकच्या (ट्रॅक्टरच्या मागे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) पिनेत अडकवलं. काट्यांमुळे खाली वाकायला जागा नव्हती, एवढंच कारण. पहिल्या गिअरमध्ये त्याने क्लच सोडला. बुडखा तसूभरही हलला नाही, पण ट्रॅक्टरचं तोंड उधळलेल्या घोड्यासारखं वर उठलं. क्लचवरून त्याचा पाय पुरता निघालेला नव्हता, म्हणून तो आज आहे. तोंड खाली आदळलं, पुढचा एक्सल वाकला, रेडिएटर फुटला. मी मागे वीस फुटांवर, साखळीच्या सरळ रेषेत उभा होतो. ती जागाही मरणाचीच होती हे मला फार नंतर समजलं.

तेव्हापासून रान साफ करायला कोणी साखळी मागायला आलं, की मी ती देण्याआधी त्याला अर्धा तास बसवून घेतो. त्या अर्ध्या तासात जे सांगतो ते इथे सविस्तर लिहीत आहे.

ट्रॅक्टर मागे का उलटतो

एवढं एक नीट समजलं तर बाकीचे निम्मे नियम आपोआप पाळले जातात.

इंजिनची ताकद मागच्या एक्सलवर येते आणि मोठी चाकं फिरतात. चाकं फिरली की ट्रॅक्टर पुढे जातो. पण ट्रॅक्टर जमिनीत रुतलेल्या बुडख्याला बांधलेला असेल, तर त्याला पुढे जाता येत नाही. काळ्या मातीत टायर चिकटून बसले असतील, तर चाकंही फिरत नाहीत. इंजिनची ताकद मात्र कुठेतरी जाणारच. ती एक्सलभोवती ट्रॅक्टरचं धूडच फिरवायला लागते आणि तोंड वर उठतं.

आता साखळी कुठे आहे ते बघा. ती एक्सलच्या खाली, ड्रॉबारला (मागे ओढण्यासाठीच असलेल्या लोखंडी पट्टीला) असेल, तर तोंड उठू लागताच ड्रॉबार जमिनीकडे झुकतो. ओढ आणखी खालून लागते आणि उठण्याचा जोर बराच मोडतो. साखळी एक्सलच्या वर असेल, म्हणजे टॉप लिंकला, सीटखालच्या एखाद्या भागाला किंवा एक्सलच्या नळीवरून गुंडाळलेली असेल, तर उलटं होतं. बुडख्याची ओढ ट्रॅक्टरला वरून मागे खेचते. तोंड जितकं उठेल तितकी ती ओढ त्याला आणखी मागे लोटते.

हे किती झटपट होतं? तोंड उठायला लागल्यापासून ट्रॅक्टर पुरता पालथा व्हायला सुमारे दीड सेकंद लागतो. त्यातल्या पहिल्या पाऊण सेकंदात क्लच दाबला गेला नाही, तर पुढे काहीही केलं तरी तो थांबत नाही. धोका ओळखायचा, ठरवायचं आणि पाय दाबायचा, याला माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणून ‘मी वीस वर्षं ट्रॅक्टर चालवतोय, मला कळतं’ हे बोलणं इथे कामाला येत नाही. वीस वर्षांच्या अनुभवाने पाऊण सेकंदाचा एक सेकंद होत नाही.

तेव्हा पहिला आणि सगळ्यात मोठा नियम : साखळी फक्त ड्रॉबारला, मागच्या एक्सलच्या खाली. काही ट्रॅक्टरला मधला ड्रॉबार नसतो. तिथे लिफ्टच्या दोन खालच्या आर्ममध्ये भोकांची पट्टी बसवतात. ती वापरायची असेल तर आर्म पूर्ण खाली सोडा आणि पट्टी वर उठणार नाही असे ताण-दांडे लावा. साखळी मधल्या भोकात लावा, कडेच्या नको. ओढत असताना लिफ्टच्या लिव्हरला हात लावायचा नाही. ‘थोडं उचलून ओढू’ म्हणत लिफ्ट वर घेतली, की साखळी एक्सलच्या वर आलीच म्हणून समजा.

आणखी एक प्रकार गावोगाव दिसतो. ट्रॅक्टर चिखलात रुतला की मागच्या चाकाला आडवं लाकूड बांधतात, म्हणजे चाक त्यावर चढून बाहेर येईल. चाक अडकवून इंजिनला धूड उलटवायला लावण्याचा याहून हमखास मार्ग नाही. रुतलेला ट्रॅक्टर चाकामागची माती उकरून मागे घ्यावा, नाहीतर दुसरा ट्रॅक्टर आणून टोचन करावं.

सीटवरच्या हूडबद्दलही बोलायला हवं. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरवरचा पत्र्याचा किंवा कापडाचा हूड फक्त सावलीसाठी असतो. ट्रॅक्टर उलटला तर तो काडेपेटीसारखा चेपतो. उलटला तरी चालकाभोवती जागा राखणारी मजबूत लोखंडी चौकट वेगळी असते. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरवर ती सक्तीची केली आणि तिथे उलटून होणारे मृत्यू झपाट्याने घटले. तुमच्या ट्रॅक्टरला अशी चौकट असेल तर सीटबेल्ट लावाच, नाहीतर माणूस फेकला जाऊन त्याच चौकटीखाली सापडतो. चौकट नसेल तर बेल्ट लावू नका. घरातल्या पोरांना हा फरक आवर्जून सांगा.

आदल्या दिवशी रान पायी फिरा

ट्रॅक्टर घरी ठेवून, हातात काठी आणि चुन्याची पिशवी घेऊन जा. झुडपात दडलेल्या ज्या गोष्टी सीटवरून दिसत नाहीत, त्या आधी शोधायच्या असतात.

सगळ्यात आधी विहीर. आपल्याकडे कठडा नसलेल्या जुन्या विहिरी बाभळीच्या जाळ्यात पार लपून जातात. ट्रॅक्टर मागे घेताना किंवा बुडखा एकदम निघाल्यावर पुढे धावताना थेट आत जाऊ शकतो. म्हातारी माणसं सांगतात, ‘इथं कुठंतरी आड होता.’ ते हसण्यावारी नेऊ नका, जागा शोधा आणि काठापासून पंधरा-वीस पावलांवर चुना टाका. जुन्या बोअरचे खड्डे, शेततळ्याचा काठ, चारी आणि उंदरांनी पोखरलेला बांध यांचीही अशीच खूण करा.

मग वर बघा. शेतातून लोंबकळणाऱ्या पंपाच्या तारा, ११ केव्हीची लाइन, खांबाचा ताण. झाड कोणत्याही बाजूला पडलं तरी तारेला शिवू शकत असेल, तर ते झाड आपलं नाही. महावितरणला कळवा (१९१२ हा वीज तक्रारीचा क्रमांक आहे) आणि लाइन अधिकृतपणे बंद करून घेतल्याशिवाय हात लावू नका. ‘आता भारनियमन आहे, लाइट नाही’ या भरवशावर कोणीही झाड तोडू नये. लाइट कधी येईल ते तुमच्या हातात नसतं.

फांद्यांमध्ये आग्या मोहोळ आहे का ते बघा. ट्रॅक्टरच्या हादऱ्याने ते उठलं तर चालक सीट सोडून पळतो आणि ट्रॅक्टर चालूच राहतो. मोहोळ असलेलं झाड त्या दिवशी सोडून द्या, जाणकार माणूस बोलावून आधी मोहोळ हलवा. वारुळं, ढोली आणि जुन्या काट्यांचे ढीग यांत घोणस, मण्यार असू शकतात. काठीने आवाज करत चला आणि ढिगात हात घालू नका.

झाडाकडे बघताना तीन गोष्टी मनात ठेवा : झुकाव कुठे आहे, शेंड्याचा भार कुठे आहे, खोड आतून पोकळ आहे का. कुऱ्हाडीच्या तुंब्याने ठोकलं तर पोकळ खोड बदबद वाजतं. वाळलेल्या, लटकत्या फांद्या दिसल्या तर त्यांच्याखाली काम नको, पहिल्याच हिसक्याला त्या सरळ डोक्यावर येतात.

परवानगीचं थोडक्यात : वेडी बाभूळ अनुसूचित झाडांच्या यादीत नाही. पण साग, खैर, चंदन, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, फणस, हिरडा, ऐन ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्रातल्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत. ती स्वतःच्या शेतात असली तरी वन खात्याची परवानगी लागते. सामाईक बांधावरचं झाड असेल तर शेजाऱ्याशी आधीच बोला. ऐन वेळी बांधावर भांडण सुरू झालं, की चालकाचं लक्ष साखळीवर राहत नाही.

साखळी, तार आणि त्यांची रेषा

बाजारात गेटला आणि जनावराला लावायची साखळी मिळते, ती या कामाची नाही. वजन उचलायची साखळी घ्या. तिच्या कड्यांवर ‘८’ किंवा ‘८०’ असा ग्रेडचा शिक्का असतो. या ग्रेडची १० मिमी साखळी ३.१५ टनापर्यंतच्या कामाला चालते. शिक्का नसेल तर दुकानदार काय म्हणतो त्यावर विसंबू नका. एखादं कडं ताणलेलं, वाकलेलं किंवा झिजलेलं असेल तर ती साखळी बाद. मध्ये बोल्ट घालून जोडलेली साखळी तर आणायचीच नाही.

झाड पाडताना अंतर लागतं, म्हणून तिथे लोखंडी वायर रोप सोयीचा. १२ मिमीचा चांगला रोप सात-आठ टनांना तुटतो, पण कामाला त्याचा पाचवा हिस्साच धरायचा, म्हणजे दीड टनाच्या आसपास. टोकाला फास करताना कमीत कमी तीन क्लॅम्प लावा. क्लॅम्पचा जाड, खाचांचा भाग ओढ घेणाऱ्या लांब तारेवर आणि यू आकाराचा बोल्ट कापलेल्या आखूड टोकावर आला पाहिजे. उलटं लावलं तर बोल्ट भार घेणाऱ्या तारेलाच चेपून तिचा जीव काढतो. वायर रोप हाताळताना चामड्याचे हातमोजे घाला, तुटलेल्या एकेका तारेने तळहात फाटतो.

नायलॉनचा दोर मात्र नको. तो रबरासारखा ताणतो, ताणताना सगळा जोर साठवतो आणि तुटला की टोकाच्या हुकासकट गोळीसारखा परत येतो. ताणलेला कोणताही दोर तुटल्यावर झपकन मागे येतोच, नायलॉन सगळ्यात जास्त.

म्हणून दुसरा नियम : ओढ लागलेली असताना दोराच्या लांबीइतक्या अंतरात चालकाशिवाय कोणीही नाही. ना मागे, ना बाजूला. दोर ओलांडून जायचं नाही, त्यावर पाय द्यायचा नाही, ‘जरा सरकव’ म्हणत हाताने धरायचा नाही. मधोमध एक-दोन ओली पोती टाकली तर तुटलेला दोर थोडा खाली दबतो. टाकावीत, पण पोतं आहे म्हणून जवळ उभं राहू नये. चालकाच्या पाठीमागे जाड लोखंडी जाळी बसवून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. गावातला वेल्डर अर्ध्या दिवसात करून देतो.

ट्रॅक्टरवर चालक एकटाच. मडगार्डवर कोणी बसायचं नाही, पोरं तर नाहीतच. आमच्याकडे शाळेला सुट्टी लागली की चार पोरं ट्रॅक्टरमागे धावतात. झाडाच्या कामाच्या दिवशी त्यांना मामाच्या गावाला पाठवा.

इशारा करणारा माणूस एकच ठेवा आणि त्याने चालकाला सतत दिसेल असं, बाजूला लांब उभं राहावं. ‘ओढ’ म्हणायचा अधिकार त्याचा एकट्याचा. दोन्ही हात वर, म्हणजे ‘थांब’, हा इशारा मात्र कोणीही द्यावा आणि चालकाने तो न विचारता पाळावा. अंगावर लोंबतं उपरणं नको, पायात चप्पल नको. हेल्मेट मोटारसायकलचं असलं तरी चालेल, पण हवं. वेड्या बाभळीचा काटा डोळ्यात गेला तर डोळा जातो, म्हणून चष्मा हवाच.

झाड पाडताना

माझं मत आधी सांगतो : उभं झाड मुळासकट ट्रॅक्टरने ओढून पाडू नका. ते कसं आणि कधी मोडेल याचा अंदाज येत नाही. झाड करवतीने पाडायचं आणि ट्रॅक्टरने फक्त दिशा राखायची.

आधी उंची मोजा. आपल्या हाताएवढी, म्हणजे डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी घ्या. हात सरळ पुढे करून काठी उभी धरा आणि मागे मागे सरका. काठीचं खालचं टोक बुंध्यावर आणि वरचं टोक शेंड्यावर जुळलं की थांबा. तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची.

या उंचीच्या दुप्पट अंतरात काम करणाऱ्यांखेरीज कोणी नको. ट्रॅक्टरही त्या अंतराबाहेरच हवा. ३० फुटी झाड असेल तर ट्रॅक्टर बुंध्यापासून ६० फुटांवर आणि दोर त्याहून लांब. एवढा दोर नसेल तर दुसऱ्या मजबूत झाडाच्या बुंध्याला कप्पी बांधून दोर वळवून घ्या, म्हणजे ट्रॅक्टर पडण्याच्या रेषेतून पूर्ण बाजूला जातो. कप्पीपाशी दोराचा जो कोन होतो, त्याच्या आतल्या बाजूला कोणी उभं राहू नये. कप्पी सुटली तर दोर तिथूनच झाडू मारल्यासारखा जातो.

दोर बांधायला शिडी लागेल. ज्या उंचीवर खोड अजून भक्कम आहे तिथे बांधा, बारीक शेंड्याला नको. शिडीवर चढण्याआधी ट्रॅक्टर बंद असावा आणि किल्ली चढणाऱ्याच्या खिशात.

आता खाच. पडायच्या बाजूला खोडाच्या जाडीच्या पाव भागाएवढी खोल खाच घ्या, तिचं तोंड ऐसपैस उघडं ठेवा. मग दोराचा फक्त ढिलेपणा जाईल इतपत ट्रॅक्टर पुढे घ्यायचा आणि थांबायचं. जोर लावायचा नाही. पाठीमागचा काप खाचेच्या तळापेक्षा एक-दोन इंच वर घ्या. काप आणि खाच यांच्यामध्ये खोडाच्या जाडीचा दहावा हिस्सा लाकूड न कापता ठेवायचं. १५ इंची खोडाला दीड इंच. हे लाकूड बिजागरीचं काम करतं आणि झाड त्यावरच वळत खाली येतं. बिजागरी पार कापून टाकली तर झाड कुठे जाईल ते झाडच ठरवतं.

करवतवाल्याने आधीच पळायची वाट साफ करून ठेवावी. ती पडण्याच्या दिशेच्या उलट, तिरकी मागे हवी. अगदी सरळ मागे नको, कारण बुंधा कधीकधी उसळून मागे येतो. काप पूर्ण झाला की करवत बंद करून त्याने त्या वाटेने निघायचं. तो लांब पोचल्यावर इशारा करणाऱ्याने चालकाला ‘ओढ’ म्हणायचं. सगळ्यात खालचा गिअर, इंजिन शांत, क्लच हळू. हिसका नाही. सैल साखळीला ट्रॅक्टर धावत येऊन ताण देतो तेव्हा तो ताण नेहमीच्या ओढीच्या कितीतरी पट होतो, आणि साखळ्या बहुतेक त्या क्षणीच तुटतात.

पुढे लोडर असलेले ट्रॅक्टर आता बरेच झाले आहेत. त्याने उभं झाड ढकलणं मला अजिबात मान्य नाही. झाड कलंडताना मुळांचा गड्डा ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांखालून वर उठतो, आणि वरच्या वाळक्या फांद्या चालकावर येतात.

अडकलेलं झाड

या सगळ्या कामात सर्वांत जास्त जीव टांगणीला लावणारी हीच घडी. झाड कापलं, पण पडताना शेजारच्या झाडात अडकलं. वेड्या बाभळीच्या गचपणात तर हे रोजचं. कोकणात वेलींनी शेंडे एकमेकांत बांधलेले असतात, तिथेही तेच.

अशा वेळी घाईने कोणीतरी खाली शिरतं, नाहीतर धरून ठेवणारं झाड कापायला लागतं, नाहीतर तिसरं झाड त्यावर पाडू म्हणतं. यातलं काहीही करायचं नाही. वरचं झाड कधीही, कोणत्याही कारणाशिवाय निसटू शकतं. सगळ्यांना लांब करा. शेंड्याच्या सावलीत न जाता बाजूने बुंध्यापर्यंत या, बुंध्याला लांब साखळी लावा आणि लांबूनच ट्रॅक्टरने बुंधा मागे ओढा, म्हणजे झाड ज्या दिशेला झुकलंय त्याच्या उलट. बुंधा सरकला की शेंडा घसरत खाली येतो. येत नसेल तर काम तिथेच थांबवा, त्या जागेभोवती काटे टाकून वाट बंद करा आणि जेसीबी बोलवा. अडकलेलं झाड तसंच सोडून जेवायला जायचं नाही. मागून शेळ्या घेऊन येणाऱ्याला ते माहीत नसतं.

वाकून दबलेल्या बारीक फांद्यांवरही लक्ष ठेवा. त्या धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात आणि बेसावध घाव घातला की तोंडावर येतात.

बुडखा काढताना

ट्रॅक्टर मागे उलटायचा मोठा धोका याच कामात असतो, कारण झाड पडतं, बुडखा मात्र जमीन धरून बसतो.

बुडखा ट्रॅक्टरने काढायचा असेल तर झाड जमिनीलगत कापू नका. तीन-चार फूट खोड उभं ठेवा. तेच तरफेचं काम करतं आणि ट्रॅक्टरला निम्मा जोर पुरतो. उन्हाळ्यात जमीन दगड झालेली असते, तेव्हा दोन दिवस आधी बुंध्याभोवती आळं करून पाणी द्या. पण ट्रॅक्टर ज्या जागी उभा राहणार ती जागा कोरडी, घट्ट हवी. काळ्या रानात वाफसा नसताना हे काम काढूच नका.

मग पहार-टिकावाने भोवती दोन-अडीच फुटांची चर खणा आणि बाजूची मुळं एकेक करून कुऱ्हाडीने तोडा. हे काम कंटाळवाणं आहे आणि लोक तेच टाळतात. खरं तर जेवढं खणाल तेवढा ट्रॅक्टरवरचा धोका उतरतो. वेड्या बाभळीचं सोटमूळ तळापर्यंत उपटायची गरजही नसते. जमिनीखाली फूटभर खोलीवर तोडलं तरी पुन्हा फुटवा येत नाही, कारण फुटणारे डोळे वरच्या गाठीतच असतात. जमिनीच्या वर तोडलं तर मात्र एकाची दहा होतात. ज्या मुळाशी ट्रॅक्टर झुंजायला निघालात ते काढायचंच नसेल, तर झुंज कशाला?

साखळी खोडाच्या वरच्या भागात, पाठीमागे उथळ खाच करून बांधा, म्हणजे ती वर सरकणार नाही. दुसरं टोक ड्रॉबारला. साखळी लांब असू द्या. आखूड साखळीने खालच्या मुळाला ओढलं तर ओढ ट्रॅक्टरच्या मागच्या भागाला खाली दाबते आणि तोंड उठायला मदत होते. ट्रॅक्टर बुडख्याच्या अगदी सरळ रेषेत उभा करा. तिरकी ओढ लागली तर तो बाजूला कलंडतो. पुढच्या बाजूला वजनं लावायची सोय असेल तर लावून घ्या.

ओढायला लागण्याआधी ट्रॅक्टरच्या पुढे बघा. बुडखा एकदम निघाला तर ट्रॅक्टर चार-सहा हात पुढे झेपावतो. तिथे विहीर, चारी किंवा माणूस नको.

आता चालकाने ऐकायचं. सगळ्यात खालचा गिअर, क्लच हळूहळू, आणि पाय क्लचवरून पुरता काढायचा नाही. स्टिअरिंग हलकं लागलं की समजा पुढची चाकं जमीन सोडताहेत. डोळ्यांना दिसायची वाट बघू नका, लगेच क्लच दाबा. टायर जागेवर घसरायला लागले तरी थांबा. घसरणारा टायर खड्डा करतो आणि त्या खड्ड्यात रुतलेलं चाकच पुढे धूड उलटवतं. थांबला की साखळी सैल करा, उतरा, आणखी खणा, आणखी दोन मुळं तोडा आणि मग परत प्रयत्न करा.

फूटभराहून जाड बुंध्याची गावरान बाभूळ, लिंब किंवा चिंच असेल, तर मी जेसीबीच लावतो. त्याचा बकेट मुळं एकेक करून बाहेरून उकरतो, त्याला हिसक्याची गरजच पडत नाही. अशी चार-पाच मोठी झाडं एका दिवशी एकत्र काढली तर भाडंही अंगावर येत नाही.

ओंडके ओढून नेताना

फूटभर जाड आणि दहा फूट लांब ओला ओंडका सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतो. दोन माणसांनी उचलून बांधायची ती वस्तू नाही. पहारीने गडगडवून साखळीचा फास घाला. एका वेळी एकच ओंडका न्या. ड्रॉबारजवळ आखूड साखळी धरली तर ओंडक्याचं पुढचं तोंड जरा उचललेलं राहतं आणि जमिनीत खुपसत नाही. वाटेत एखाद्या खुंटाला ओंडका अडला, की तो बुडख्याइतकाच धोकादायक होतो. ताबडतोब थांबा, मागे घ्या, सोडवा, जोर लावून काढू नका. वळताना ओंडका आतल्या बाजूने झाडत येतो, तिथे कोणी चालत नसावं.

उतारावर आडवं चालवू नका, सरळ वर किंवा सरळ खाली. उतरताना खालचा गिअर ठेवा. न्यूट्रलमध्ये ट्रॅक्टर सोडला तर ब्रेक त्याला धरू शकत नाहीत, आणि ओंडका मागून चाकांवर येतो. दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांत अडकवलेली असल्याची खात्री करा. एकच चाक धरलं गेलं तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

काही घडलंच तर

मोबाइलला रेंज कुठे येते ते सकाळीच बघून ठेवा आणि १०८ ला गटनंबर नव्हे, तर रस्त्यावरची ओळखीची खूण सांगा. एक माणूस रस्त्यावर उभा करा.

ट्रॅक्टरखाली माणूस सापडला तर इंजिन बंद करा, डिझेल सांडत असेल तर विडी-काडी लांब. ट्रॅक्टर सुरू करून किंवा दहाजणांनी ढकलून काढायला जाऊ नका, तो परत अंगावर बसतो. आधी दगड-लाकडाने तो हलणार नाही असा टेकवा, मग जेसीबीने उचलून घ्या. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. मान किंवा पाठीला मार असेल तर त्याला बसवू नका, वाकवू नका. साप चावला तर आवळपट्टी नाही, चिरणं नाही, सरळ दवाखाना.

विजेची तार ट्रॅक्टरवर पडली तर चालकाने जागेवरच बसून राहायचं आणि बाकीच्यांनी तीस-चाळीस फूट लांब जायचं. पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत उतरायचं नाही. ट्रॅक्टरने पेट घेतला तरच उतरायचं. तेव्हाही ट्रॅक्टर आणि जमीन यांना एकाच वेळी शिवायचं नाही. दोन्ही पाय जुळवून लांब उडी घ्यायची आणि पाय जमिनीला घासत, अगदी लहान पावलांनी दूर जायचं.

काम संपल्यावर ट्रॅक्टरचे टायर हाताने नव्हे, पक्कडीने तपासा. वेड्या बाभळीचे काटे रात्रभर रुतून राहतात आणि सकाळी हवा गेलेली दिसते. साखळी धुऊन, कडी न् कडी बघून टांगून ठेवा. बुडख्याचे खड्डे त्याच दिवशी बुजवा. राहिलेच तर त्यांच्याभोवती काटे लावा. रात्रीची लाइट आली की कोणीतरी त्याच वाटेने पाणी द्यायला जाणार असतं.